टोचलेल्या रेषांतून उतरलेले प्राणी

मध्ययुगीन युरोपातील प्राणिचित्रांचे मूळ ‘फिजिओलॉगस’ या, बहुधा अलेक्झांड्रियात इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास रचलेल्या, ग्रीक ग्रंथात सापडते. सिंहाचे पिल्लू मृत जन्मते आणि तिसऱ्या दिवशी पित्याच्या श्वासाने जिवंत होते, पेलिकन पक्षीण स्वतःची छाती फोडून रक्ताने पिलांना उठवते, या कथांमध्ये निरीक्षणापेक्षा ख्रिस्ताच्या मरणाचे व पुनरुत्थानाचे रूपक महत्त्वाचे होते. लॅटिन भाषांतरे झाली, सातव्या शतकातील सेव्हिलचा बिशप इसिडोर याच्या कोशातील मजकुराची भर पडली आणि बाराव्या-तेराव्या शतकांत, विशेषतः इंग्लंडमध्ये, ‘बेस्टिअरी’ हा सचित्र पशुग्रंथ बहरला.

अनेक चित्रकारांनी मगर किंवा हत्ती कधी पाहिलेलाही नव्हता. समोर असे ते आधीचे चित्र. सुमारे १२०० साली तयार झालेल्या ॲबर्डीन बेस्टिअरी या हस्तलिखित पोथीच्या चर्मपत्रावर याची खूण आजही दिसते. काही आकृत्यांच्या कडेने सुईने बारीक भोके पाडलेली आहेत. त्यांवरून भुकटी फिरवली की खालच्या पानावर ठिपक्यांची बाह्यरेषा उमटे आणि तोच प्राणी दुसऱ्या पोथीत जाई. अपवादही होते: फ्रान्सच्या राजाने भेट दिलेला हत्ती १२५५ मध्ये लंडनला आला, तेव्हा मॅथ्यू पॅरिस या मठवासी इतिहासकाराने तो प्रत्यक्ष पाहून रेखाटला. तरीही नकलेतून नक्कल होताना बदलत गेलेली, अर्थाने भारलेली रेषाच मला या परंपरेचे खरे बळ वाटते, आणि आधुनिक कलावंतांना हाक घातली तीही तिनेच.

एकोणिसाव्या शतकातील इंग्रज कलावंत विल्यम मॉरिस यांच्या संग्रहात वर्कसॉप या इंग्लंडमधील मठाची जुनी बेस्टिअरी होती. १९११ मध्ये फ्रेंच कवी गियोम आपोलिनेर यांच्या छोट्या कवितांसाठी चित्रकार राऊल द्युफी यांनी काष्ठठसे कोरले. त्या पुस्तकाने ‘बेस्टिअरी’ हे जुने नावच पुन्हा धारण केले. भित्तिपटांचे फ्रेंच कलावंत झाँ ल्युर्सा यांना दिशा मिळाली ती मात्र ग्रंथातून नव्हे, तर फ्रान्समधील आँजे येथील चौदाव्या शतकातील ‘अपोकॅलिप्स’ या, बायबलमधील जगाच्या अंताची दृश्ये दाखवणाऱ्या, विणलेल्या भित्तिपटांतून. त्यातील अनेक डोक्यांचे पशू आणि मोजक्या रंगांची शिस्त पाहिल्यानंतर त्यांनी १९५७ मध्ये ‘ल शाँ द्यु माँद’ (जगाचे गीत) ही दहा पटांची मालिका हाती घेतली. ती आज आँजे शहरातच आहे. २०१९ मध्ये लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयाने बेस्टिअरींवर मोठे प्रदर्शन भरवले, तेव्हा शेवटच्या भागात आधुनिक आणि समकालीन कलाकृतींनाही जागा दिली होती.