प्रायोजकत्व पुस्तिका, विद्यार्थी सामाजिक उद्योजकता उपक्रमांची

प्रायोजकत्व पुस्तिका : विद्यार्थ्यांसाठी सामाजिक उद्योजकतेची (सामाजिक प्रश्न उद्योगाच्या पद्धतीने सोडविण्याची) स्पर्धा, प्रशिक्षणवर्ग किंवा शिबिर चालविणारी संस्था संभाव्य प्रायोजकांपुढे ठेवते तो दस्तऐवज. उपक्रमाला लागणारी रक्कम, ती देण्याच्या श्रेणी आणि बदल्यात प्रायोजकाला मिळणाऱ्या गोष्टी, हा तिचा गाभा. महाविद्यालयांत तिला नुसते ‘ब्रोशर’ म्हणतात. ‘प्रॉस्पेक्टस’ हा शब्द भारतात टाळलेला बरा; कंपनी अधिनियम, २०१३ मध्ये तो रोख्यांच्या विक्रीसाठी काढलेल्या माहितीपत्रकासाठी राखलेला आहे.

उगम : प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर अशी चढती भाजणी १९८४ च्या लॉस अँजेलिस ऑलिंपिकपासून आली, असे पुष्कळदा सांगितले जाते. हे मत पूर्णतः ग्राह्य वाटत नाही. त्या स्पर्धेचे वैशिष्ट्य प्रायोजकांची संख्या मर्यादित ठेवून एका उत्पादनवर्गात एकच प्रायोजक घेणे हे होते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने पुढच्याच वर्षी आखलेल्या ‘टॉप’ या प्रायोजक योजनेत हेच तत्त्व पक्के झाले. अनन्यतेचे कलम तेथून आले असे म्हणता येईल, श्रेणींचे मात्र नाही. महाराष्ट्रात गणेशोत्सव मंडळे, नाट्यसंस्था व स्नेहसंमेलने यांच्या स्मरणिकांत मलपृष्ठ, आतील मुखपृष्ठ, पूर्ण पान, अर्धे पान आणि शेवटी ‘शुभेच्छुक’ म्हणून एक ओळ, असा उतरता दर रूढ होता. धातूंची नावे आयात आहेत. शिडी घरचीच असावी.

विद्यार्थी उपक्रमांचा आरंभ नेमका कोठे धरावा, याविषयीही एकवाक्यता नाही. अमेरिकेत १९७५ मध्ये निघालेली ‘स्टुडंट्स इन फ्री एंटरप्राइझ’ (२०१२ पासून एनॅक्टस) ही संघटना आद्य मानण्याचा प्रघात आहे. परंतु तिचा मूळ रोख, नावावरून दिसतो तसा, मुक्त उद्योगाच्या प्रसारावर होता. बर्कली येथील व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांनी १९९९ मध्ये सुरू केलेली सामाजिक उपक्रमांची स्पर्धा हा अधिक सुरक्षित आरंभबिंदू ठरतो. विद्यार्थ्यांच्या सामाजिक उद्योगांसाठी असलेल्या १० लाख डॉलरच्या हल्ट पारितोषिकात देणगीदाराचे आडनाव हेच स्पर्धेचे नाव झाले. सामाजिक उद्योजकांना पाठबळ देणारी बिल ड्रेटन यांची अशोका संस्था (१९८०) विद्यार्थ्यांची नव्हे, तरी क्षेत्राची परिभाषा बरीचशी तिच्यामुळे रुळली. तिच्या पहिल्या फेलो (पाठबळासाठी निवडलेल्या उद्योजक) मुंबईच्या शिक्षिका ग्लोरिया डिसूझा या होत्या. मुंबईतच आयआयटीचा ई-सेल (उद्योजकता कक्ष) १९९८ पासून विद्यार्थी उद्योजकतेचे काम करीत आला आहे, तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत सामाजिक उद्योजकतेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम २००७ मध्ये सुरू झाला.

देणगी की प्रायोजकत्व : पुस्तिकेच्या रचनेतील खरी अडचण येथे आहे. कंपनी अधिनियमाच्या कलम १३५ नुसार ५०० कोटी रुपये नक्त मूल्य, १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी निव्वळ नफा यांपैकी एक मर्यादा गाठलेल्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक दायित्वावर (सीएसआर) खर्च करावयाची असते. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. तेव्हापासून बहुतेक विद्यार्थी पुस्तिका ‘सीएसआर निधी’ मागतात आणि त्याच पानावर व्यासपीठावरील बोधचिन्ह, स्टॉल व जाहिरातही देऊ करतात. हे दोन्ही एकत्र बसत नाही. मॅरेथॉन, पारितोषिके, दूरचित्रवाणी कार्यक्रमांचे प्रायोजकत्व असे एकवेळचे कार्यक्रम सीएसआर खर्चात धरता येणार नाहीत, असे जून २०१४ च्या परिपत्रकात म्हटले होते. २२ जानेवारी २०२१ च्या सुधारित नियमांनी तर उत्पादनाच्या वा सेवेच्या विपणनलाभासाठी दिलेले प्रायोजकत्व सीएसआरच्या व्याख्येतूनच वगळले. शिवाय सीएसआर निधी स्वीकारून काम करणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ प्रपत्र भरून नोंदणी करावी लागते.

करांतही हाच भेद उमटतो. प्राप्तिकर अधिनियम, १९६१ च्या कलम ८०जी खालील सवलत देणगीला होती. प्रायोजकत्वाची रक्कम कंपनी कलम ३७ खाली व्यवसायखर्च म्हणून दाखवीत असे, आणि सीएसआर खर्चाला मात्र त्या कलमाचा लाभ २०१४ च्या दुरुस्तीने नाकारला. वस्तू व सेवा करात प्रायोजकत्व ही १८ टक्के दराची सेवा आहे. प्रायोजक कंपनी किंवा भागीदारी संस्था असेल, तर कर प्रायोजकानेच उलट आकारणीने भरावयाचा अशी २०१७ पासूनची व्यवस्था होती. १६ जानेवारी २०२५ पासून सेवा देणारी संस्थाच निगम (कंपनीसारखी कायदेशीर संस्था) असेल तर ही व्यवस्था राहिलेली नाही; कर तिनेच भरावयाचा. त्यामुळे एकच उपक्रम महाविद्यालयाच्या न्यासामार्फत चालविला की एक हिशेब आणि कंपनी अधिनियमाच्या कलम ८ खालील ना-नफा इन्क्युबेटर (नवोद्योगांना आधार देणाऱ्या) कंपनीमार्फत चालविला की दुसरा, अशी स्थिती उद्भवते. पुस्तिकेतील रक्कम करासह की करावेगळी, ही ओळ म्हणूनच औपचारिकता नव्हे.

अमेरिकी कायद्याने ही सीमारेषा अधिक बारकाईने आखली आहे. मोबिल कंपनीने कॉटन बोल या अमेरिकी फुटबॉल सामन्यासाठी आयोजकांना दिलेला पैसा करपात्र जाहिरातीचे उत्पन्न आहे, असे महसूल विभागाने १९९१ मध्ये ठरविल्यावर वाद माजला व १९९७ मध्ये संहितेत नवे पोटकलम आले. नाव आणि बोधचिन्ह झळकविणे ही नुसती पोच, तिच्यावर कर नाही. ‘सर्वांत उत्तम’ असे गुणवर्णन किंवा खरेदीचे आवाहन केले की जाहिरात. परत मिळणाऱ्या लाभांचे मूल्य देयकाच्या २ टक्क्यांपर्यंत असेल तर ते विचारात घेतले जात नाही. भारतात ही कसोटी लागू नाही, तथापि पुस्तिकेतील मजकूर तपासण्यास ती उपयुक्त आहे.

रचना : उपक्रमाची ओळख, मागील तुकड्यांचे काम, वेळापत्रक, अंदाजपत्रक, श्रेणींचा तक्ता, संपर्क हा क्रम सर्वपरिचित आहे. जाणकार देणगीचे पान आणि प्रायोजकत्वाचे पान वेगळे ठेवतात. श्रेणींपेक्षा शीर्षके विकणे, म्हणजे एका गावातील प्रयोग, एका संघाचे बीजभांडवल किंवा मार्गदर्शकांचा प्रवासखर्च असे नेमके काम एका प्रायोजकाकडे सोपविणे, सामाजिक उपक्रमाला अधिक शोभते. सहभागींची संख्या हाच परिणाम मानण्याची चूक अनेक पुस्तिकांत आढळते. प्रायोजक कंपनीचे अधिकारी परीक्षक म्हणून बसविण्याची पद्धत एनॅक्टसमध्ये जुनी आहे. पैसा देणाराच निवाडा करतो, हा तिच्यावरील आक्षेप उघड आहे.

तंबाखू उत्पादनांचा किंवा त्यांच्या नाममुद्रेचा प्रसार करण्याच्या बदल्यात प्रायोजकत्व, भेट, बक्षीस वा शिष्यवृत्ती स्वीकारण्यास २००३ च्या तंबाखू नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५ ने मनाई आहे.

वस्तुरूप प्रायोजकत्व : छपाई, भोजन, सभागृह, निवास. मूल्य बाजारभावाने लिहितात.