घाट कोणत्या दिशेला: कोकणातील पर्यावरणविषयक भाषांतराची पार्श्वभूमी

कोकणच्या निसर्गाबद्दलचे सुरुवातीचे एक भाषांतर मराठीत नव्हे, तर मराठीतून झाले. १८८० साली निघालेल्या रत्नागिरी व सावंतवाडीच्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये, म्हणजे सरकारी जिल्हावर्णनात, इथली झाडे, मासे आणि शेतीच्या रीती नोंदल्या गेल्या, आणि ही माहिती अर्थातच इथल्याच लोकांकडून गोळा झाली होती. पुढे बराच काळ ती इंग्रजीतच राहिली.

ती परत मराठीत आणण्याची निकड कायद्यामुळे निर्माण झाली. १९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या किनाऱ्यावर निर्बंध आले, १९९७ मध्ये मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी आवश्यक झाली आणि २००६ च्या अधिसूचनेने आघात मूल्यांकनाचा, म्हणजे प्रकल्पाच्या पर्यावरणावरील परिणामांच्या अभ्यासाचा, सारांश स्थानिक भाषेत देणे बंधनकारक केले. बंधन सारांशापुरतेच होते. शेकडो पानांचा मूळ अहवाल इंग्रजीत आणि हाती आलेली मराठीतली मोजकी पाने, एवढ्यावर ग्रामस्थांनी हरकती नोंदवाव्यात, अशी ही व्यवस्था होती.

परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीच्या अहवालाने हा प्रश्न ऐरणीवर आणला. समिती २०१० मध्ये नेमली गेली, अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये सादर झाला. मात्र तो मे २०१२ मध्ये, माहिती आयोगाच्या आदेशानंतरच, लोकांसमोर आला, तोही इंग्रजीत. अहवाल स्थानिक भाषांत ग्रामसभांपुढे जावा आणि निर्णय तेथे व्हावा, असा गाडगीळ यांचा आग्रह होता. प्रत्यक्षात बहुतेक गावांत मजकुराआधी त्याविषयीच्या वावड्या पोहोचल्या.

शिवाय नुसते मराठी शब्द योजून भागत नव्हते. 'पश्चिम घाट' हे नावच मुळी इंग्रजीवरून घेतलेले आहे. देवरूखच्या किंवा कणकवलीच्या माणसाला डोंगर पूर्वेला दिसतो आणि 'घाटावर' म्हणजे त्याच्या लेखी डोंगरापलीकडचा पठारी मुलूख, त्यामुळे असा अहवाल आपल्या गावाबद्दल आहे हे नावावरून त्याला कळावे तरी कसे? पर्यावरणदृष्ट्या जपायच्या भागासाठी योजलेल्या 'संवेदनशील क्षेत्र' या शब्दाचेही तसेच झाले. संवेदनशील म्हटले की वृत्तपत्रांच्या वाचकाला पोलीस बंदोबस्तातले मतदान केंद्र आठवते. सरकारी कागदावरचे 'कांदळवन' खाडीकाठी तिवर, चिपी, कांदळ अशा वेगवेगळ्या झाडांचे असते, आणि कोणते झाड पाण्याच्या किती जवळ उगवते हे तेथील लोकांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक असते. (हा तपशील सामान्यनामात हरवतो, ही माझ्या मते किरकोळ बाब नाही.)

३० जून २०२० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने नव्या आघात मूल्यांकन अधिसूचनेचा मसुदा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषांत उपलब्ध करण्याचा आदेश दिला, तेव्हा भाषांतर हा केवळ सौजन्याचा विषय राहिला नाही.

उलट दिशेची वाट २००२ च्या जैवविविधता कायद्याने खुली केली. त्या कायद्याखालील लोक जैवविविधता नोंदवहीत गावाने स्वतःच्या शब्दांत नोंद करणे अपेक्षित आहे. महसुली कागदपत्रांत अनेकदा 'पडीक' ठरणारा कातळसडा, म्हणजे खडकाळ माळ, तेथे 'सडा' या नावाने लिहिता येतो, आणि त्या नोंदीखाली पावसाळ्यात फुलणाऱ्या वनस्पतींची व गुरे चरण्याच्या जागांची नोंदही करता येते.