घरगुती पूल टेबल (अमेरिका)

पूल म्हणजे लांब काठीने (क्यू) चेंडू मारून टेबलाच्या कडेच्या भोकांत (पॉकेट) घालण्याचा खेळ. त्याचे अमेरिकेतील घरांच्या तळघरात किंवा गॅरेजमध्ये मांडले जाणारे, सहा पॉकेटांचे, बहुधा ७ किंवा ८ फुटी टेबल. दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरांत स्वतंत्र घरे उभी राहिली, तळघरांना लाकडी पॅनेल लावून खेळायच्या खोल्या झाल्या आणि १९६० व ७० च्या दशकांत हे टेबल मध्यमवर्गीय घरात रुळले. त्याच्या आठवणी निघतात त्या बहुधा दुकानासकट निघतात, आणि ते योग्यच आहे. या टेबलाचे गुण आणि दोष दोन्ही ज्या डिपार्टमेंट स्टोअरमधून ते घरी आले त्याच्या विक्रीपद्धतीने ठरवले.

दुकान आणि कॅटलॉग

माँटगोमेरी वॉर्ड या कंपनीने १८७२ मध्ये टपालाने माल विकायला सुरुवात केली. सिअर्स, रोबक अँड कंपनी हे नाव १८९३ चे, आणि सिअर्सचे पहिले किरकोळ दुकान १९२५ मध्ये शिकागोत उघडले. पुढे एकाच इमारतीत कपडे, फ्रिज, हत्यारे, टायर आणि खेळाचे सामान मिळू लागले. शनिवारी सारे कुटुंब जाई, प्रत्येक जण आपापल्या विभागात रमे आणि निघताना सगळे ठरलेल्या जागी भेटत. सिअर्सच्या अनेक दुकानांत सुट्या गोळ्या-चॉकलेटांचा आणि गरम शेंगदाणे-काजूंचा काउंटर असे. त्याचा वास आजही त्या पिढीच्या आठवणीत पहिला येतो.

सिअर्सचा नाताळचा खास कॅटलॉग १९३३ पासून निघत असे. मुले त्यातल्या हव्या असलेल्या वस्तूंच्या पानांचे कोपरे दुमडून ठेवत. पूल टेबलासारखी मोठी वस्तू सहसा दुकानाच्या उधारखात्यावर किंवा ‘लेअवे’ने घेतली जाई. लेअवेत दुकान वस्तू बाजूला काढून ठेवते, गिऱ्हाईक हप्ते भरते आणि शेवटचा हप्ता भरल्यावरच माल हाती येतो. व्याज लागत नसे, पण टेबल घरी यायला काही महिने लागत. ती वाट पाहणे हा या खरेदीचा मोठा भाग होता.

मागणी वाढायला एक चित्रपटही कारणीभूत ठरला. १९६१ च्या ‘द हसलर’नंतर पूलचा खेळ पुन्हा लोकप्रिय झाला. धुरकट अड्ड्यांचा म्हणून बदनाम असलेला खेळ घरात आणायला आता पालक कचरत नव्हते.

घडण

चांगल्या पूल टेबलाचा पृष्ठभाग पाटीच्या दगडाचा असतो, म्हणजे शाळेतली जुनी पाटी ज्याची असे त्याच दगडाचा. ८ फुटी टेबलाला एक इंच जाडीचे तीन तुकडे लागतात आणि प्रत्येकाचे वजन सुमारे ७० किलो भरते. ते बसवायला कसबी कारागीर हवा. डिपार्टमेंट स्टोअरचा व्यवहार मात्र खोक्यांचा होता. जे ट्रकमधून उतरवता येईल, दोघांना जिन्यावरून खाली नेता येईल आणि सोबतच्या कागदावरचे चित्र पाहून घरमालकाला जोडता येईल, तेच तिथे खपे. म्हणून तिथल्या बहुतेक स्वस्त टेबलांत दगडाऐवजी पार्टिकल बोर्ड किंवा आत मधाच्या पोळ्यासारखी कागदी जाळी असलेली फळी आली. पाय घडीचे किंवा बोल्टने बसवायचे, आणि चेंडू घरंगळून एका टोकाला यावेत म्हणून आतून प्लास्टिकच्या पन्हळी.

अशा फळीचा शत्रू म्हणजे तळघरातील ओल. दाबलेला भुसा ओलावा पिऊन फुगतो आणि वाळल्यावर पूर्ववत होत नाही. मधल्या भागाला खालून आधार कमी असतो, त्यामुळे काही वर्षांत तिथे झोळ पडतो. कॅरममध्ये सोंगटी घसरत जाते, घर्षण पुष्कळ असते, म्हणून बारीक उतार लपून जातो. पूलचा चेंडू घरंगळतो. त्याला अडवणारे फारसे काही नसते आणि हळू मारलेला चेंडू केसभर उतारानेही वळतो. आपल्या टेबलाचा कोणता कोपरा ‘ओढतो’ हे घरच्यांना पाठ असे आणि पाहुणा हरे.

खोलीचे माप हा दुसरा घोळ. ८ फुटी टेबलाचे खेळाचे क्षेत्र ४४ × ८८ इंच असते. नेहमीची क्यू ५८ इंचांची, म्हणून चारही बाजूंना तेवढी जागा धरली तर खोली किमान १३ फूट ४ इंच × १७ फूट हवी. ७ फुटीसाठी (३९ × ७८ इंच) १२ फूट ११ इंच × १६ फूट २ इंच. खरेदीच्या उत्साहात तळघरातला मधला खांब कोणी मोजत नसे. त्या बाजूसाठी मग ४८ किंवा ५२ इंची आखूड क्यू ठेवावी लागे. ज्यांच्याकडे एवढीही जागा नव्हती त्यांनी बंपर पूल घेतला. हे लहान, पुष्कळदा अष्टकोनी टेबल असते. त्याला दोनच भोके असतात, मध्ये रबरी कडी घातलेले खुंट उभे असतात आणि प्रत्येक बाजूला पाच चेंडू मिळतात. वर झाकण ठेवले की पत्ते खेळायला किंवा जेवायलाही चाले.

भारतात हा खेळ घरात शिरला नाही. इथे इंग्रजांनी आणलेले बिलियर्ड्स आणि १८७५ च्या सुमारास जबलपूरला जन्मलेला स्नूकर रुजले, आणि त्यांचे पूर्ण टेबल १२ फुटी. ते क्लबात आणि जिमखान्यातच मावणार.

जुने टेबल तपासताना

अमेरिकेत जुने घर विकत घेणाऱ्यांच्या, त्यात मराठी कुटुंबेही आली, पदरात कधी कधी घरासोबत हे टेबलही पडते, कारण हलवणे महाग असते. आधी खाली वाकून पाहावे. पॉकेटाच्या तोंडाशी किंवा खालच्या बाजूला करडी, हाताला गार लागणारी दगडी कड दिसली तर टेबल जपण्यासारखे आहे. तपकिरी भुसा दिसला तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कर्णावर दोरी ताणावी. दोरी आणि कापड यांत मधोमध फट दिसली तर तो झोळ आहे आणि पायांखाली पाचर मारून तो जात नाही. स्पर्धेच्या टेबलाला लांबीत अर्धा मिलिमीटर आणि रुंदीत पाव मिलिमीटर एवढाच उंचसखलपणा चालतो. फट दिसत नसून चेंडू एकाच दिशेला जात असेल तर मात्र जमीन उतरती आहे, आणि तिथे पाचर पुरते.

नंतर कुशन, म्हणजे कडेच्या पट्ट्यांना आतून लावलेले रबर. एका टोकाकडून चेंडू लांबीच्या दिशेने जोरात मारावा. रबर जिवंत असेल तर तो टेबलाच्या चार ते साडेचार लांब्या फिरतो. दोन-अडीच लांब्यांत थांबला आणि आदळताना ‘ठक’ असा कोरडा आवाज आला तर रबर कडक झाले आहे. ते बदलता येते. कुशनचे टोक मात्र चेंडूच्या व्यासाच्या सुमारे ६३.५ टक्के उंचीवर, म्हणजे २¼ इंची चेंडूसाठी साधारण ३६ मिलिमीटरवर यायला हवे. खाली राहिले तर चेंडू उडतो, वर गेले तर दाबला जाऊन मंदावतो.

दगडी टेबल हलवणे

आधी पॉकेटे, मग कुशनच्या पट्ट्या सोडवाव्यात. सहा पट्ट्यांना बहुधा प्रत्येकी तीन, एकूण अठरा बोल्ट असतात. प्रत्येक पट्टीवर आणि दगडावर खडूने क्रमांक घालावा. कापड काढून सांध्यातले मेण खरवडावे आणि त्याखालचे स्क्रू शोधावेत. एखादा स्क्रू राहिला आणि दगड उचलला की कोपरा तुटतो, हा सर्वांत नेहमीचा अपघात. दगड नेहमी उभा, कडेवर धरून न्यावा. आडवा धरला तर स्वतःच्याच वजनाने मधून चिरतो.

मांडताना आधी सांगाडा पाणसळीत आणावा, मग मधला दगड, मग दोन्ही बाजूंचे. घरगुती पाणसळ इथे अपुरी पडते, यंत्रकारागिरांची बारीक पाणसळ हवी. दगड आणि सांगाडा यांत स्क्रूजवळ पातळ पाचरी सरकवून सांधा नखाला लागणार नाही इतका सपाट करावा, वितळलेले मधमाश्यांचे मेण भरावे आणि गार झाल्यावर पात्याने सपाट खरवडावे. कापड लोकर आणि नायलॉनचे असते. ते सर्वत्र सारखे ताणावे. सैल राहिले तर सुरकुत्या पडतात आणि चेंडू रेंगाळतो. लव असलेले कापड डावाचा पहिला फटका मारतात त्या टोकाकडून समोरच्या टोकाकडे, एकाच दिशेने ब्रश करावे. काही आठवड्यांनी दगड आणि लाकूड बसले की पाणसळ पुन्हा लावून बोल्ट आवळावे लागतात.

वॉर्डची दुकाने २००१ मध्ये बंद झाली. सिअर्सचा मोठा कॅटलॉग १९९३ मध्ये थांबला आणि कंपनीने ऑक्टोबर २०१८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यांच्याकडची हलकी टेबले त्याआधीच बहुतेक रस्त्याकडेला गेली होती. भुशाच्या फळीचे टेबल दुरुस्त करण्यात पैसे घालू नयेत. पण त्याचे चेंडू तपासून घ्यावेत. फेनॉलिक रेझिनचे, म्हणजे एका कठीण प्लास्टिकचे, असतील तर ते दगडी टेबलावर आणखी बरीच वर्षे चालतात.