स्टार्ट आणि एनेबल: वीज परत येते, शेअर फोल्डर का येत नाही?

पहिल्या पावसात माडाचं झावळ तारेवर पडतं, अर्धा तास वीज जाते, परत येते. मशीनही चालू होतं. फक्त शेअर फोल्डर कुणाला दिसत नाही. गोव्यात फोंडा असो की पेडणे, जुन्या डेस्कटॉपवर फेडोरा किंवा अल्मालिनक्स यांसारखं एखादं लिनक्स टाकून ऑफिसपुरता फाइल सर्व्हर केलेला असला की जूनमध्ये हा प्रकार ठरलेला. मग कुणीतरी जाणकार निदान करतो, ‘विजेच्या झटक्यानं साम्बा करप्ट झालं, पुन्हा इन्स्टॉल कर.’ साम्बा म्हणजे नेटवर्कवर फोल्डर वाटणारा प्रोग्रॅम. करप्ट काही झालेलं नसतं. सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे चालत राहणारा प्रोग्रॅम, स्टार्ट केलेली होती, एनेबल केलेली नव्हती.

(कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमीत, म्हणजे रोमन लिपीतच टाकायच्या, आणि आपल्याकडे रोमीचं वावडं कुणाला नाही.)

स्टार्ट सगळ्यांना येतं. ‘सुडो सिस्टमसीटीएल स्टार्ट एसएमबी’ (एसएमबी हे साम्बाच्या सर्व्हिसचं नाव) म्हटलं की प्रोग्रॅम त्या क्षणी धावू लागतो. स्टॉप, रिस्टार्ट त्याचेच भाऊबंद.

एनेबल मात्र काहीही चालू करत नाही. ते सर्व्हिसच्या फाइलमधला ‘इन्स्टॉल’ विभाग वाचतं. तिथे ‘वॉन्टेडबाय=मल्टी-युजर.टार्गेट’ असेल, तर ‘/ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम/मल्टी-युजर.टार्गेट.वॉन्ट्स’ या फोल्डरात एक सिमलिंक, म्हणजे मूळ फाइलकडे बोट दाखवणारी खूण, टाकतं. काम संपलं. शाळेचा हजेरीपट डोळ्यांसमोर आणा. स्टार्ट म्हणजे पोराला हाक मारून वर्गात बसवणं, एनेबल म्हणजे पटावर नाव चढवणं. बूट होताना सिस्टमडी, म्हणजे सगळ्या सर्व्हिस सांभाळणारा लिनक्सचा प्रोग्रॅम, पट वाचतं. काल वर्गात कोण बसलं होतं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

त्यामुळे चालू आहे पण पटावर नाही, ही अवस्था सगळ्यात दगाबाज. मशीन बंद होत नाही तोवर सगळं सुरळीत दिसतं, आणि चूक ऑक्टोबरात केलेली असली तरी उघडी पडते मिरगाला.

गोंधळ मुळात येतो कुठून? डेबियन आणि उबुंटूवर पॅकेज टाकलं की सर्व्हिस बहुधा आपोआप स्टार्टही होते आणि एनेबलही. तिथे हात बसलेला माणूस फेडोरा किंवा अल्मावर आला की तीच अपेक्षा धरतो. तिथे पॅकेज टाकल्यावर बहुतेक सर्व्हिस गप्प बसून असतात. तो स्टार्ट करतो, फोल्डर दिसतो, आणि उठून चहाला जातो.

तपासायला ‘सिस्टमसीटीएल स्टेटस एसएमबी’. सगळे ‘ॲक्टिव्ह (रनिंग)’ हा हिरवा शब्द बघतात आणि खिडकी बंद करतात. उत्तर त्याच्या वरच्या ‘लोडेड’ या ओळीत असतं. कंसात आधी फाइलचा पत्ता, मग एनेबल्ड किंवा डिसेबल्ड, आणि शेवटी ‘प्रीसेट’. पत्त्यानंतरचा पहिला शब्द तेवढा तुमचा. प्रीसेट म्हणजे वितरणाची (फेडोरा, अल्मा वगैरेंची) मूळ शिफारस, तुमच्या मशीनची आजची स्थिती नव्हे. ‘डिसेबल्ड, प्रीसेट: एनेबल्ड’ या ओळीतला दुसरा शब्द वाचून निर्धास्त झालेले लोक कमी नाहीत. डोळ्यांवर भरवसा नसेल तर ‘इज-एनेबल्ड’ विचारा, एका शब्दात उत्तर मिळतं.

उत्तर ‘स्टॅटिक’ आलं, तर फाइलमध्ये इन्स्टॉल विभागच नाही. स्वतः लिहिलेल्या सर्व्हिसमध्ये हे हमखास राहून जातं. उबुंटू २४.०४ वर एसएसएच (दुरून लॉगइन करायची सर्व्हिस) ‘डिसेबल्ड’ दिसलं तर मात्र घाबरू नका. तिथे पटावर नाव ‘एसएसएच.सॉकेट’चं असतं, आणि जोडणी आली की सॉकेट सर्व्हिसला उठवतं.

दोन्ही कामं एकत्र करायची तर ‘सुडो सिस्टमसीटीएल एनेबल --नाऊ एसएमबी’. माझं मत विचाराल तर नव्या सर्व्हिससाठी नुसतं स्टार्ट लिहिणारी प्रत्येक मार्गदर्शिका अर्धवट आहे. उलट बाजूही तशीच: डिसेबल केल्यानं चालू सर्व्हिस थांबत नाही, तिथेही ‘--नाऊ’ लागतं. कुणीच उठवू नये असं हवं असेल तर ‘मास्क’ ही कमांड, म्हणजे सर्व्हिसला कुलूपच.

एवढं करूनही फोल्डर दिसला नाही, तर फायरवॉल बघा. तिथेही हीच गफलत. ‘फायरवॉल-सीएमडी --ॲड-सर्व्हिस=साम्बा’ हा नियम आत्तापुरता, रीबूटबरोबर गेला. ‘--पर्मनंट’ लावलं तर तो नोंदवला जातो, पण ‘--रीलोड’ करेपर्यंत लागू होत नाही. आधी आत्तापुरता नियम लावून बघावा, चालला तर ‘--रनटाइम-टू-पर्मनंट’नं कायम करावा. हाच क्रम मला बरा वाटतो.

माउंटचं थोडक्यात: हातानं माउंट केलेली, म्हणजे सिस्टमला जोडलेली डिस्क रीबूटनंतर येत नाही, एफएसटॅबमध्ये (बूट होताना जोडायच्या डिस्कांची यादी असलेल्या फाइलमध्ये) ओळ लागते. बाहेरची यूएसबी डिस्क असेल तर त्या ओळीत ‘नोफेल’ घालाच. नाहीतर डिस्क सापडली नाही की मशीन ९० सेकंद वाट बघतं आणि इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं. कीबोर्ड-मॉनिटर नसलेल्या डब्याचं मग काही खरं नाही.

एनेबल असूनही न उठणाऱ्या सर्व्हिसमागे आपल्याकडे बहुतेकदा राउटर असतो. वीज आल्यावर मशीन आधी उठतं, राउटर मागून. ठरावीक आयपी पत्ता धरू पाहणारी सर्व्हिस तेवढ्यात आपटते. ‘रिस्टार्ट=ऑन-फेल्युअर’ असलं तरी दोन प्रयत्नांमधलं मूळ अंतर १०० मिलिसेकंद असतं, आणि १० सेकंदांत ५ वेळा सुरू करून झालं की सिस्टमडी नाद सोडतं. ‘सिस्टमसीटीएल एडिट’ करून ‘रिस्टार्टसेक=१५’ घाला, म्हणजे ही मर्यादा आडवी येत नाही.

मशीन स्वतःच उठत नसेल, तर बायोसमध्ये वीज परतल्यावर चालू होण्याची सेटिंग असते, ती ‘ऑन’ करा. आणि हे सगळं मे महिन्यातच, ‘सुडो रीबूट’ मारून, कुणीही लॉगइन न करता दुसऱ्या मशीनवरून फोल्डर उघडून बघा.