दुसरी बायको: एका बंदीची पार्श्वभूमी

“पहिलीला मूल होत नाही म्हणून दुसरी केली,” हे वाक्य आपल्या आजी-पणजीच्या पिढीने सहज ऐकलेलं असायचं. ऐपतदार घर बघून सवतीवर मुलगी देणारे बापही होते. त्यात बेकायदा काहीच नव्हतं. १८६० च्या दंडविधानात कलम ४९४ होतं, सात वर्षांपर्यंत कैदही होती. पण आधीचा जोडीदार हयात असल्यामुळे जे लग्न मुळातच रद्दबातल ठरतं, तेवढ्यालाच ते लागू होई. हिंदू पुरुषाचं दुसरं लग्न धर्मशास्त्राने वैध, म्हणून तो मोकळा. काडीमोडीची रूढी नसलेल्या जातीतल्या बाईने नवरा जिवंत असताना दुसरं लग्न केलं, तर मात्र ती गुन्हेगार.

पारशांनी १८६५ मध्येच स्वतःसाठी कायदा करून घेतला आणि दुसऱ्या लग्नाची वाट बंद केली. बंगालमध्ये कुलीन ब्राह्मण अनेक लग्नं करत. त्याविरुद्ध ईश्वरचंद्र विद्यासागरांनी १८५५ पासून सरकारकडे अर्ज केले, पण १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकार धर्माच्या बाबतीत हात आखडून वागू लागलं आणि तो विषय मागे पडला. गोव्यात पोर्तुगीजांनी मधलाच मार्ग काढला. १८८० च्या हुकूमनाम्यात हिंदू पुरुषाला अटींवर मुभा मिळाली: बायकोला पंचविशीपर्यंत मूल झालं नाही किंवा तिशीपर्यंत मुलगा झाला नाही, तर दुसरी करता येई. दोष कुणाचा, हे न विचारताच!

मुंबई प्रांताने १९४६ मध्ये हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी केली. राज्यघटना आल्यावर या कायद्यालाच आव्हान मिळालं आणि १९५१ मध्ये ‘मुंबई राज्य विरुद्ध नरसू अप्पा माळी’ हा खटला मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायाधीश छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांच्यासमोर आला. युक्तिवाद दोन होते. एक, पुत्राशिवाय गती नाही, तेव्हा दुसरं लग्न हा धर्माचा भाग. दोन, बंदी फक्त हिंदूंनाच का? पहिल्याला छागलांनी दिलेलं उत्तर मला अजूनही बिनतोड वाटतं: पुत्र हवाच असेल तर त्याच धर्मात दत्तकाची सोय आहे. सुधारणा एकेका समाजापासून सुरू करायला राज्याला मोकळीक आहे, असंही न्यायालयाने म्हटलं. कायदा टिकला.

त्याच वर्षी हिंदू कोड बिल रखडलं आणि डॉ. आंबेडकरांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. विधेयकाचे पुढे तुकडे झाले. त्यांतला हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ पासून लागू झाला आणि देशभर हिंदू, बौद्ध, जैन, शिखांना एकाच जोडीदाराचं बंधन आलं. अनुसूचित जमाती त्यातून वगळल्या गेल्या. मुसलमान पुरुषांची चार लग्नांची मुभाही राहिली. तिच्याविरुद्ध आणि तोंडी तलाकविरुद्ध हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. त्यात बायका होत्या सात.

पण १९५५ च्या कायद्याला दहा वर्षांतच भोक पडलं, तेही महाराष्ट्रातल्याच खटल्यात. पहिली बायको असताना एकाने गांधर्व पद्धतीने दुसरी केली. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ च्या या लोखंडे खटल्यात म्हटलं की दुसरं लग्न यथाविधी लागलेलं असेल, तरच गुन्हा होतो. इथे सप्तपदी झालेली नव्हती, होम नव्हता, आणि रूढीने हे विधी गाळता येतात, असंही सिद्ध झालं नाही. आरोपी सुटला. म्हणजे विधी अर्धवट ठेवणाऱ्याला शिक्षा नाही! वकिलांना हे पाठ झालं.

किंमत मोजली दुसरीने. १९८८ मध्ये आढाव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रीतसर लग्न लागलेलं असलं, तरी पहिली हयात असताना दुसरी ही कायद्याने ‘पत्नी’ नव्हे, तिला पोटगी मागता येणार नाही. तोपर्यंत तिच्या मुलांना १९७६ च्या दुरुस्तीने औरस दर्जा मिळाला होता, आईला काहीच नाही. पंचवीस वर्षांनी, २०१३ मध्ये, गोडसे खटल्यात न्यायालय थोडं मागे आलं: पहिलं लग्न लपवून फसवलं असेल, तर नवऱ्याला त्याच फसवणुकीचा आडोसा घेता येणार नाही, पोटगी द्यावीच लागेल. सगळं माहीत असून गरिबीपायी दुसरेपणावर गेलेल्या बाईचा प्रश्न या निकालाने सुटला नाही, आणि अशाच बायका जास्त असाव्यात असं मला वाटतं.

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नवऱ्याला आणखी बायको असल्याचं सांगणाऱ्या विवाहित स्त्रिया सुमारे १.४ टक्के होत्या, हिंदूंमध्ये १.३, मुसलमानांमध्ये १.९. बंदी असलेला समाज आणि मुभा असलेला समाज यांच्यातलं अंतर एवढंच.

१ जुलै २०२४ पासून ४९४ ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ ने घेतली. शिक्षा तीच, सात वर्षांपर्यंत. गुन्हा अजूनही अदखलपात्र आहे. पोलीस आपणहून काही करत नाहीत. फसवल्या गेलेल्या बाईने किंवा तिच्या जवळच्या नातेवाइकांनी न्यायालयात फिर्याद करायची, आणि ज्या लग्नाला तिला बोलावलंच नव्हतं, त्यात सप्तपदी झाली होती हे तिनेच सिद्ध करायचं.