आफ्रिकेतील लोकसमूह आणि औषध-चयापचय

औषध शरीरात किती काळ टिकणार, हे बऱ्याच अंशी यकृतातली एन्झाइम ठरवतात. त्यांत सायटोक्रोम पी४५० हे कुल सर्वांत महत्त्वाचे. ही एन्झाइम घडवणाऱ्या जनुकांची रूपे माणसागणिक बदलतात आणि मानवी जनुकांची सर्वाधिक विविधता आफ्रिका खंडात आहे. त्यामुळे 'आफ्रिकी रुग्ण' असा एकच गट मानून मात्रा ठरवणे चुकीचे तर आहेच, धोक्याचेही आहे.

कोडीन या वेदनाशामकाचे शरीरात मॉर्फिन हे अधिक तीव्र औषध करणारे या कुलातले एन्झाइम म्हणजे सीवायपी२डी६. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इथिओपियातील २९ टक्के लोकांमध्ये हे एन्झाइम घडवणाऱ्या जनुकाच्या जादा प्रती आढळल्या. अशा माणसाच्या अंगात कोडीनच्या नेहमीच्या मात्रेतूनही मॉर्फिन झपाट्याने तयार होते आणि श्वास मंदावू शकतो. झिंबाब्वेत मात्र याच जनुकाचे '१७' क्रमांकाचे, एन्झाइमचे काम मंदावणारे रूप सर्रास सापडते. युरोपीय लोकांत ते जवळपास नसतेच.

या फरकाची झळ सर्वाधिक बसली ती एचआयव्हीच्या रुग्णांना. एफाविरेन्झ हे एचआयव्हीवरचे औषध याच कुलातल्या सीवायपी२बी६ या एन्झाइमकडून मोडले जाते. त्याच्या जनुकाच्या दोन्ही प्रती मंद रूपाच्या असतील तर औषध रक्तात साचत जाते आणि चक्कर, भयाण स्वप्ने, भास, नैराश्य असे त्रास सुरू होतात. झिंबाब्वेत असे लोक सुमारे एक पंचमांश आहेत. तरीही २०१५ मध्ये तिथे एफाविरेन्झ असलेली एकत्रित गोळी पहिल्या पसंतीचा उपचार ठरली आणि लवकरच अशा तक्रारी येऊ लागल्या. हरारेचे शास्त्रज्ञ कॉलेन मासिमिरेम्ब्वा यांच्या गटाने अशा रुग्णांची मात्रा घटवण्याची गरज २००८ मध्येच मांडली होती. स्थानिक संशोधनाकडे वेळीच लक्ष दिले असते, तर पुष्कळांचा हा त्रास टळला असता.

अर्थात सगळे जनुकांवर ढकलता येत नाही. सीवायपी२डी६चे जनुकरूप सारखेच असूनही स्वीडनमध्ये राहणाऱ्या इथिओपियनांपेक्षा मायदेशी राहणाऱ्यांचे हे एन्झाइम मंद चालताना दिसले. एफाविरेन्झबाबतही तसेच: जनुकरूप एकच असले, तरी टांझानियातील रुग्णांच्या रक्तात ते इथिओपियातील रुग्णांपेक्षा जास्त साठते. यामागे आहार आणि परिसराचा हात असावा, असे संशोधक मानतात.