बिशपला अंगठी आणि दंड (हातातली काठी) कोणी द्यायचा?

इ.स. ९१० मध्ये अ‍ॅक्विटेनचा ड्यूक विल्यम याने बर्गंडीतल्या क्लूनी इथे मठ स्थापला. सरदारांनी मठ काढणं तेव्हा नेहमीचंच होतं. वेगळं होतं ते विल्यमचं दानपत्र. मठाच्या मालमत्तेला मी, माझे नातलग, राजा, बिशप, इतकंच काय, पोपनेही हात लावायचा नाही आणि पुढचे मठाधिपती भिक्षूंनीच निवडायचे, असं त्याने लिहून दिलं. रक्षणाची जबाबदारी मात्र पोपवर सोपवली. रोम लांब आणि तेव्हाचे पोप दुबळे, हे क्लूनीच्या पथ्यावरच पडलं असं मला वाटतं.

जर्मनीत चित्र उलटं होतं. बिशपला कायदेशीर वारस नसे, त्यामुळे त्याला दिलेली जमीन त्याच्या मृत्यूनंतर मुलाकडे न जाता पुन्हा राजाच्या हाती येई. साहजिकच राजे मोठमोठ्या जहागिरी बिशपांना देत आणि बदल्यात फौज मागत. सम्राट दुसऱ्या ओटोने ९८१ च्या सुमारास इटलीत मागवलेल्या कुमकेच्या यादीत सरदारांपेक्षा बिशप आणि मठाधिपतींकडच्या चिलखती स्वारांचा आकडा मोठा आहे. असा माणूस आपल्याच मर्जीतला हवा, म्हणून राजा स्वतः नव्या बिशपच्या हाती अंगठी आणि दंड देई. पण अंगठी ही चर्चशी लागलेल्या लग्नाची खूण आणि दंड मेंढपाळाचा. ही धर्माची चिन्हं राजाने द्यावीत, हे चर्चमधल्या सुधारकांना सहन होईना.

१०७५ मध्ये इटलीतल्या मिलानचा आर्चबिशप कोणी नेमायचा, यावरून ठिणगी पडली. जर्मन राजा चौथ्या हेन्रीने सातव्या ग्रेगरीला पोप मानायला नकार दिला, ग्रेगरीने त्याला बहिष्कृत केलं आणि प्रजेला राजनिष्ठेच्या शपथेतून मोकळं केलं. सरदार उलटू लागताच हेन्री जानेवारी १०७७ मध्ये ऐन हिवाळ्यात आल्प्स ओलांडून उत्तर इटलीतल्या कनोसाला, जिथे ग्रेगरी थांबला होता, आला आणि किल्ल्याच्या दाराशी तीन दिवस क्षमा मागत राहिला. मध्यस्थांमध्ये किल्ल्याची मालकीण माटिल्डा होती आणि क्लूनीचा मठाधिपती ह्यूही होता. हा ह्यू हेन्रीचा धर्मपिता! क्लूनी म्हणजे राजांविरुद्धची आघाडी, असं सरसकट म्हणणं म्हणूनच मला पटत नाही.

क्षमा मिळाली, तरी भांडण १०८० मध्ये पुन्हा पेटलं. अखेर ११२२ मध्ये जर्मनीतल्या वर्म्स इथे पोप आणि सम्राट (जर्मन राजाच सम्राटही असे) यांच्यात तडजोड झाली. अंगठी आणि दंड चर्चकडे गेले. सम्राटाने जमिनीच्या अधिकारासाठी फक्त राजदंड द्यायचा. जर्मनीत तो दीक्षाविधीच्या आधी द्यायचा होता, त्यामुळे नको असलेल्या उमेदवाराला अडवणं सम्राटाला शक्य राहिलं. इटली आणि बर्गंडीत मात्र दीक्षा आधी, राजदंड सहा महिन्यांच्या आत. तिथली त्याची पकड सुटली.